घराण्याच्या वह्या आणि शेतीचे दप्तर अभिलेखागारात देताना : कामाचा नेमका क्रम

खानदेशात ज्या घरांनी दोन-तीन पिढ्या शेतीबरोबर आडत (दुसऱ्याचा माल दलालीवर विकणे), देवघेव (सावकारी), जिनिंग (कापसातून सरकी काढणे) किंवा केळीचा व्यापार केला, त्यांच्या माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्या, तारेत ओवलेल्या पावत्या आणि पेटाऱ्यातले दस्त आजही निघतात. घर पाडायचे ठरले किंवा वाटणी झाली की हे सारे एखाद्या संस्थेला द्यावे असा विचार पुढे येतो आणि त्या घाईत काम हमखास उलट्या क्रमाने होते. आधी झाडलोट होते, मग वर्षवार लावालावी होते, मग ‘महत्त्वाचे’ कागद वेगळे काढले जातात आणि संस्थेशी बोलणे सर्वांत शेवटी होते. कागद संस्थेत पोहोचतात खरे, पण कोणती चिठ्ठी कोणत्या वहीत होती आणि कोणती वही कोणाच्या कपाटातली होती हे कळण्याची वाट तोवर बुजलेली असते. म्हणून पुढील टप्प्यांपैकी एखादा लवकर उरकला तरी चालेल. त्यांचा क्रम मात्र बदलू नये.

टप्पा १ : हंगाम, जागा आणि साहित्य

हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावे. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे वह्यांना बुरशी धरते आणि उघडलेली वही पुन्हा नीट मिटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा जुना कागद इतका कोरडा होतो की घडी उलगडतानाच तुकडा पडतो. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात कागद असतील आणि छत गळके असेल, तर पावसाळ्यापूर्वी ते फक्त कोरड्या खोलीत हलवावेत. मात्र हलवण्यापूर्वी टप्पा ३ मधील छायाचित्रे आणि चिठ्ठ्या तेवढ्या करून घ्याव्यात. बाकीचे काम हिवाळ्यावर टाकावे.

कामासाठी एक मोठे टेबल किंवा जमिनीवर अंथरलेली स्वच्छ सतरंजी पुरते. खाणेपिणे, देवघरातला दिवा आणि लहान मुले तिथून दूर असावीत. साहित्यात शिसपेन्सिली, रुंद मऊ ब्रश, तोंडावरचा मास्क, मोजपट्टी, साधे पांढरे कागद, सुती नाडी आणि मांजरपाट (साधे कोरे सुती कापड) घ्यावे. नव्या मांजरपाटाला खळ असते आणि खळीवर कसर (कागद-कापड खाणारी कीड) येते, म्हणून ते दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावे. शाईचे पेन, मार्कर, डिंक, चिकटपट्टी आणि स्टेपलर यांना त्या खोलीत मज्जाव असावा.

सावधान : जुने कागद ‘ऊन दाखवायला’ गच्चीवर पसरू नयेत. धान्याला आणि पापडांना ऊन मानवते. कागद त्याने पिवळा व ठिसूळ होतो आणि शाई उडते.

टप्पा २ : घरातली संमती आणि संस्थेशी पहिले बोलणे

एकत्र कुटुंबाच्या वह्या ज्याच्या घरात पडून आहेत त्याच्या एकट्याच्या नसतात. वाटणीत त्यांचा उल्लेख नसेल तर सर्व शाखांची, म्हणजे भाऊबंदांबरोबर बहिणी व आत्यांच्या वारसांचीही लेखी संमती घ्यावी. संमतीपत्रात कागदांचे ढोबळ वर्णन, ते कोणत्या हेतूने द्यायचे आहेत आणि कुटुंबाच्या वतीने सही कोण करणार, एवढे पुरे. हे काम नंतरवर टाकणाऱ्या घरांत वह्या संस्थेत गेल्यावर एखादा चुलतभाऊ हरकत घेतो आणि पेट्या वर्षानुवर्षे न उघडता पडून राहतात.

संमती मिळाल्यावर, पण एकही वही हलवण्यापूर्वी, संस्थेला पत्र लिहावे. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ, जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, राज्य शासनाचे पुराभिलेख संचालनालय आणि शेती-अर्थव्यवहाराच्या अभ्यासासाठी पुण्याची गोखले संस्था ही चौकशीची पहिली ठिकाणे होत. प्रत्येक ठिकाणी नेमके प्रश्न विचारावेत : आपण हिशेबाच्या वह्या स्वीकारता का, संग्रह एकत्र ठेवता की विषयवार विभागता, कीड मारण्याची सोय आहे का, मोडी आणि महाजनी या जुन्या लिप्या वाचणारे कोणी आहे का, आणि यादी किती दिवसांत होते? ‘आणून तर द्या, मग पाहू’ असे उत्तर आले तर तिथे पेट्या नेण्याची घाई करू नये. माझ्या मते दूरच्या नामवंत संस्थेपेक्षा, संग्रह न फोडण्याचे लेखी मान्य करणारी जवळची संस्था बरी, कारण या कागदांतली गावे, शिवारांची नावे आणि आडनावे ओळखणारी माणसे याच भागात आहेत.

तपासणी : सर्व शाखांच्या सह्या झाल्या आहेत का? संस्थेचे तत्त्वतः होकाराचे पत्र हाती आहे का? दोन्ही असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : हलवण्यापूर्वीची नोंद

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा आणि नेमका हाच टप्पा बहुतेक घरांत वगळला जातो.

कपाट, पेटारा, कोनाडा किंवा तिजोरी उघडल्यावर आत हात घालू नये. जसे आहे तसे छायाचित्र घ्यावे. मग वरच्या थरापासून खाली किंवा डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. क्रमांक वस्तूवर न लिहिता कागदाच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहावा आणि पट्टी वहीत अशी ठेवावी की तिचे टोक बाहेर दिसेल. ‘दिवाणखान्यातील लोखंडी तिजोरी, मधला कप्पा, ३’ अशी नोंद पुरे. आजोबांच्या बैठकीतल्या कपाटातील वह्या आणि मळ्यातल्या खोलीतील वह्या एकाच वर्षाच्या असल्या तरी त्या एकत्र करू नयेत. पहिल्या बहुधा पेढीच्या असतात आणि दुसऱ्या सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी), बैल, बियाणे व मजुरीच्या. एकाच घराचे दोन हिशेब वेगळे का ठेवले होते, हे त्या जागांवरूनच उमगते.

तारेत ओवलेल्या पावत्यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. आडतीच्या दुकानात रोजची काटापट्टी (मालाचे वजन व कपातींची पावती), हमालीची चिठ्ठी, रेल्वेची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) असे एकेक चिटोरे टोकदार तारेत खोचले जाई, त्यामुळे सर्वांत खालची चिठ्ठी सर्वांत जुनी असते. एखाद्या चिठ्ठीवर तारीख नसली तरी तिच्या वरच्या आणि खालच्या चिठ्ठीवरून ती ठरवता येते. तार गंजलेली असते आणि कागद भोकापाशी फाटलेले असतात, म्हणून चिठ्ठ्या ओढून काढण्याचा मोह होतो. तसे न करता तार आडवी धरावी, प्रत्येक चिठ्ठीचा दिसणारा भाग वरून खाली क्रमाने टिपावा आणि तार तशीच मऊ कागदात गुंडाळून संस्थेकडे द्यावी. तार कापायची की नाही, हे तिथल्या जतनतज्ज्ञाने ठरवावे.

वहीच्या आत सापडलेली प्रत्येक सुटी वस्तू, मग ती हुंडी असो, लग्नपत्रिका असो, औषधाची चिठ्ठी असो की वाळलेले पान, कोणत्या दोन पानांमध्ये होती ते लिहून पुन्हा तिथेच ठेवावी. खतावणीत (खातेवार हिशेबाच्या वहीत) एखाद्या खातेदाराच्या नावापाशी ठेवलेली चिठ्ठी त्या खात्याचा पुरावा असू शकते. ‘किरकोळ कागद’ म्हणून पाकिटात गेली की ती मुकी होते.

घरातील वडीलधाऱ्यांना याच वेळी शेजारी बसवून घ्यावे. ‘बापूंची वही’ म्हणजे कोणत्या बापूंची, ‘खालचा मळा’ कोणत्या गटात येतो, ‘मोठे खाते’ कोणाचे, हे तेच सांगू शकतील. त्यांचे म्हणणे वेगळ्या कागदावर, सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह लिहावे.

सावधान : वह्या वर्षवार लावून ठेवू नयेत. वर्षवार यादी नंतर कागदावर केव्हाही करता येते.

टप्पा ४ : झाडणे आणि बांधणे

धूळ फक्त कोरड्या मऊ ब्रशने, वहीच्या बांधणीकडून बाहेरच्या कडेकडे झाडावी. ओले फडके, साबण, स्पिरिट किंवा खोडरबर वापरू नये. वहीपूजनाच्या पानावरील ‘श्री’, स्वस्तिक आणि हळदकुंकवाचे डाग हे घाण नव्हेत. कुंकवाची पूड शेजारच्या पानाला लागत असेल तर मध्ये पातळ पांढरा कागद ठेवावा. जुन्या वह्यांत रकान्यांच्या रेघा नसतात, कागदाला घड्या पाडून त्यांनीच रकाने केलेले असतात. त्या घड्या इस्त्रीने किंवा वजन ठेवून सपाट केल्या तर डावीकडची जमा (आलेली रक्कम) आणि उजवीकडचे ‘नावे’ (दिलेली रक्कम) यांची मांडणी वाचणे अवघड होते.

रबरबँड, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सहज निघणाऱ्या टाचण्या काढाव्यात. गंजून चिकटलेल्या टाचणीला हात लावू नये. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडू नये आणि लॅमिनेशनचा तर विचारही करू नये : उष्णतेने वितळलेले प्लॅस्टिक कागदापासून पुन्हा सुटत नाही. डांबरगोळ्या वह्यांमध्ये टाकू नयेत. कडुनिंबाचा पालाही पानांमध्ये घालू नये, कारण त्याचे डाग पडतात आणि पाला पुरता वाळलेला नसेल तर ओल धरते.

बुरशी, वाळवी किंवा जिवंत कसर दिसलेली वही कागदात गुंडाळून, तशी चिठ्ठी लावून, इतरांपासून वेगळ्या खोलीत ठेवावी आणि संस्थेला आधी कळवावे. अशा एका वहीमुळे संस्थेतल्या दुसऱ्या संग्रहालाही लागण होऊ शकते.

बाकीच्या वह्या धुतलेल्या मांजरपाटात, एका रुमालात (कापडी गाठोड्यात) चार-पाचांहून अधिक नाहीत अशा, सुती नाडीने सैलसर बांधाव्यात. टप्पा ३ मधील क्रमांक रुमालाच्या बाहेरील चिठ्ठीवर यावेत.

टप्पा ५ : काय द्यावे, काय घरी ठेवावे

सर्वसाधारण चूक अशी की शिक्क्याचे दस्त, इंग्रजी पत्रे आणि सही असलेले कागद निवडून दिले जातात आणि रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), मजुरीच्या वह्या, पाणीपाळीचे तपशील रद्दीत जातात. अभ्यासकाला गरज नेमकी उलटी असते. एखाद्या वर्षी कपाशी वेचणीला काय दर दिला, सालदाराचे साल काय ठरले, त्याला धान्य किती दिले, सरकी कोणाला विकली, काटापट्टीत आडत, हमाली, तोलाई आणि धर्मादाय किती कापले, रावेर-सावद्याकडून केळीचा माल कोणत्या गावी गेला, हे फक्त कंटाळवाण्या वह्यांतून कळते. पांझरेकाठच्या फड पद्धतीत (बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या व्यवस्थेत) ज्यांची जमीन होती, त्यांच्याकडे पाटकऱ्याला (पाटाचे पाणी सोडणाऱ्याला) दिलेल्या धान्याच्या किंवा बंधारा-दुरुस्तीच्या वर्गणीच्या नोंदी सापडू शकतात. गावकीने चालवलेल्या पाण्याच्या व्यवस्थेचा लेखी पुरावा थोडा असतो, म्हणून अशा चिठ्ठ्या आवर्जून द्याव्यात.

याउलट जुन्या सातबारा व फेरफाराच्या साध्या नकलांना संग्रहात फारसे महत्त्व नसते, कारण मूळ अभिलेख शासनाकडे असतात आणि त्यांपैकी पुष्कळ आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. पण त्याच नकलेच्या मागे आजोबांनी विहिरीचा खर्च मांडला असेल, तर ती नक्कल द्यावी.

घरी ठेवायचे कागद असे : सध्या ताब्यात असलेल्या जमिनीची व घराची मूळ खरेदीखते, वाटणीपत्रे आणि मृत्युपत्रे, न्यायालयात चालू असलेल्या दाव्याचे कागद, आणि व्यवसाय चालू असल्यास गेल्या आठ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके. यांपैकी जे संग्रहाच्या दृष्टीने उपयोगी असेल, त्याची प्रतिमा द्यावी आणि यादीत ‘मूळ कुटुंबाकडे’ अशी नोंद करावी.

पाटीलकी किंवा कुलकर्णी वतन असलेल्या घरांत गावचे सरकारी दप्तरही निघते. ते कुटुंबाची मालमत्ता समजून परस्पर देऊ नये; ते वेगळे बांधून पुराभिलेख संचालनालयाला किंवा तहसील कार्यालयाला आधी लेखी कळवावे. तसेच ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित अथवा दस्त १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, म्हणून परदेशातील नातेवाइकांकडे ‘आठवण’ म्हणून एखादी वही पाठवून देऊ नये.

टप्पा ६ : यादी

यादीत प्रत्येक रुमालासाठी एक व प्रत्येक वहीसाठी एक ओळ असावी. क्रमांक, मूळ जागा, वहीचा प्रकार (रोजकीर्द, खतावणी, सालदारांची वही, जिनिंगची नोंदवही इत्यादी), लिपी, पहिली व शेवटची तारीख, पानांची अंदाजे संख्या आणि अवस्था एवढे रकाने पुरेत. मजकुराचा सारांश लिहिण्याच्या फंदात पडू नये. त्यात महिने जातात आणि यादी अर्धवट राहते. लिपी ओळखता आली नाही तर तिला सरसकट मोडी म्हणू नये. गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्या महाजनी किंवा गुजराती वळणाच्या असतात. अशा ठिकाणी ‘लिपी अनिश्चित’ असे लिहावे.

तारखांबाबत कमालीचे सावध राहावे. वहीत जे वर्ष आहे ते जसेच्या तसे लिहावे आणि इसवी सन शेजारच्या वेगळ्या रकान्यात द्यावा. शके वर्षात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवावेत. दिवाळीला सुरू होणाऱ्या विक्रम संवतातून दिवाळी ते डिसेंबर ५७ आणि त्यानंतर ५६ वजा करावेत, म्हणजे संवत १९८० चा कार्तिक १९२३ सालात येतो आणि त्याच संवताचा वैशाख १९२४ सालात. मारवाडी घरांत चैत्रापासून बदलणारा संवतही चालतो, म्हणून वही दिवाळीला उघडली आहे का, हे पूजनाच्या पानावर पाहिल्याशिवाय वजाबाकी करू नये. फसली सन (महसुली कामातली जुनी कालगणना) दिसल्यास तो तसाच लिहून रूपांतर जाणकारावर सोडावे.

आकड्यांत तर फसगत ठरलेलीच. जुन्या लेखनात ‘१२।’ म्हणजे सव्वाबारा, ‘१२॥’ म्हणजे साडेबारा आणि ‘१२॥।’ म्हणजे पावणेतेरा. घरातल्या तरुण मंडळींनी संगणकावर यादी करताना त्या उभ्या रेघांचा एक किंवा अकरा केला, की बारा रुपयांचे व्यवहार शेकड्यात आणि हजारात जातात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तरी आणे-पैचा हिशेब वह्यांतून लगेच गेला नाही. त्यामुळे केवळ तारखेवरून नाणे ठरवू नये. मण, शेर आणि खंडी यांचे किलो करू नयेत. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती, पण धान्याची खंडी निराळी आणि शेर तर बाजारागणिक वेगळा.

गावाचे नाव वहीत आहे तसे लिहून पुढे आजचा तालुका व जिल्हा द्यावा. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, नंतर पूर्व व पश्चिम असे दोन झाले आणि नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा निघाला. त्यामुळे ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ असा उल्लेख असलेले शहादे किंवा तळोदे आज धुळे जिल्ह्यात शोधणाऱ्याची वाट चुकते.

तपासणी : यादीतील कोणतेही पाच क्रमांक दुसऱ्या व्यक्तीला काढायला सांगावेत. ते बिनचूक सापडले नाहीत तर यादी पुन्हा ताडून पाहावी.

टप्पा ७ : प्रतिमा

सर्व वह्यांच्या प्रतिमा घरीच काढण्याचा अट्टहास नको. घरी राहणारे दस्त, अतिजीर्ण पाने आणि प्रत्येक वहीचे पहिले व शेवटचे पान एवढ्यांच्या प्रतिमा पुरेत. स्कॅनर असल्यास किमान ३०० डीपीआय ठेवावे. मोठ्या बांधणीच्या वह्या स्कॅनरवर दाबू नयेत, त्या मोबाइलने, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपाव्यात. कागदपत्रे स्कॅन करणारी अ‍ॅप्स पान आपोआप काळे-पांढरे करतात आणि त्यात पेन्सिलीची टिपणे, कुंकू व फिकट शाई नाहीशी होते, म्हणून साधा कॅमेराच वापरावा. प्रतिमेच्या नावात रुमाल, वही आणि पान यांचे क्रमांक त्याच क्रमाने यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत ही मूळ प्रतिमा नव्हे. तिचा आकार व दर्जा घटलेला असतो.

टप्पा ८ : करारपत्र

तोंडी विश्वासावर पेट्या देऊ नयेत. हे दान आहे की ठेव, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट असावे, कारण दानात मालकी संस्थेकडे जाते आणि ठेवीत ती कुटुंबाकडे राहते. त्यानंतर संग्रह एकत्र ठेवणे, कुटुंबाला प्रती मिळणे, संस्थेला नको असलेले कागद रद्दीत न घालता परत करणे आणि संस्था बंद पडल्यास संग्रह कोठे जावा, ही कलमे असावीत. पत्रांचा स्वामित्वहक्क पत्र लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा असतो. आपल्याकडे आलेली पत्रे छापण्याची परवानगी आपण देऊ शकत नाही, हेही नोंदवावे.

देवघेवीच्या वह्यांसाठी स्वतंत्र कलम हवे. त्यांत कर्जदारांची नावे, जाती, गहाण टाकलेले दागिने आणि जमिनी असतात आणि त्यांचे वारस त्याच गावात राहत असतात. अलीकडच्या काळातील अशा वह्या ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवाव्यात, किंवा नावे प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर अभ्यासकांना दाखवाव्यात. घराची अब्रू राखण्यासाठी पाने फाडणे किंवा नावांवर शाई फासणे हा उपाय नव्हे. मुदतबंदी त्यासाठीच असते. मसुदा वकिलाला दाखवून मगच सही करावी.

टप्पा ९ : नेणे आणि पोच

रुमाल पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्यांत आडवे ठेवावेत. खोके एका माणसाला सहज उचलता येईल इतकेच भरावे. खोक्यांबरोबर घरातील एकाने स्वतः जावे. मालवाहतुकीने पाठवू नये. संस्थेत यादीवरून प्रत्येक रुमाल मोजून द्यावा आणि यादीच्या दोन्ही प्रतींवर तारीख, सही व शिक्का घ्यावा. ‘जुन्या वह्या, ६ खोकी’ अशा मोघम पोचेवर समाधान मानू नये.

दाखल क्रमांक मिळाला की तो संमतीपत्रावर सह्या केलेल्या प्रत्येक शाखेला कळवावा. करारपत्र, यादी आणि प्रतिमा दोन वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. संस्थेशी पत्रव्यवहार करणारी व्यक्ती बदलली तर संस्थेला लेखी कळवावे. पुढे एखाद्या पेटीत आणखी वह्या निघाल्या तर त्या जुन्या क्रमांकांमध्ये न घुसवता ‘पुरवणी’ म्हणून, जिथे सापडल्या त्या जागेच्या नोंदीसह, टप्पा ३ पासून याच क्रमाने द्याव्यात.